दोन पंचांगांचे घर आणि प्रबंधाची मुदत

२०२५ मध्ये गुढीपाडवा ३० मार्चला आला, रमजान ईद भारतात ३१ मार्चला झाली आणि त्याच दिवशी आर्थिक वर्षही संपले. अनुदानावर चालणाऱ्या प्रयोगशाळेत हा आठवडा बिलांचा, शिल्लक रकमेच्या हिशेबाचा आणि उपयोगिता प्रमाणपत्राचा असतो. ज्या घरात हिंदू आणि मुसलमान अशी दोन्ही माणसे आहेत आणि त्यांतले कोणी पीएचडी करत आहे, तिथे ही तिन्ही कामे एकाच माणसाच्या वाट्याला आली. अशी घरे थोडी आहेत. पण रजेच्या नियमांत, संशोधकांच्या मानसिक आरोग्यावरच्या अभ्यासात आणि कुटुंबाच्या समाजशास्त्रात सुटी सुटी चाललेली चर्चा या घरांत एकत्र येते, आणि प्रत्येक चर्चेतली अपुरी बाजू इथे उघडी पडते. ती चर्चा आज कुठवर आली आहे याचा हा आढावा आहे. माझे मत सुरुवातीलाच सांगतो. हा प्रश्न बहुधा दिवस कमी पडण्याचा म्हणून मांडला जातो. उपलब्ध पुरावा मात्र दाखवतो की खरी अडचण तारीख कोणी ठरवायची, ही आहे.

पंचांगांची गणिते

नाताळ २५ डिसेंबरला बांधलेला असतो. ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिल या पट्ट्यात हलतो. हिजरी वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे असल्याने ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते, आणि चंद्रदर्शनावर अवलंबून असल्याने तिचा नेमका दिवस आदल्या संध्याकाळी पक्का होतो. हिंदू पंचांग अधिक मास घालून सणांना ऋतूशी बांधून ठेवते. म्हणून पाडवा आणि ईद काही वर्षे जवळजवळ चालतात आणि मग सुटतात. २०२४ मध्ये पाडवा ९ एप्रिलला आणि ईद ११ एप्रिलला होती. २०२६ च्या अधिक ज्येष्ठानंतर ही जोडी फुटते. २०२७ मध्ये पाडवा पुन्हा एप्रिलमध्ये जातो आणि ईद मार्चमध्येच राहते. मिश्र घराचे वेळापत्रक त्यामुळे एकदा बसवून कायमचे ठरत नाही. दर वर्षी ते नव्याने मांडावे लागते.

महाराष्ट्रातल्या हिंदू-बौद्ध घरांचे गणित वेगळे आहे. १४ ऑक्टोबर १९५६ ला, विजयादशमीच्या दिवशी, नागपूरला धम्मदीक्षा झाली, त्यामुळे दसरा आणि धम्मचक्र प्रवर्तन दिन यांच्या तारखा सहसा भांडत नाहीत. प्रश्न असतो तो हजर कुठे राहायचे याचा: दीक्षाभूमीवर की घरच्या आपट्याच्या पानांपाशी. एकाच तारखेला दोन अर्थ असलेल्या घराला जास्तीची सुट्टी देऊन उपयोग नसतो. त्यांना प्रवासाचे दिवस हवे असतात.

याच पंचांगांवर संशोधनाचे वर्ष येऊन बसते. विज्ञान काँग्रेस परंपरेने ३ जानेवारीला सुरू होत असे; १०८ वे अधिवेशन २०२३ मध्ये नागपूरला झाले. इतिहास काँग्रेसचे अधिवेशन डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात भरत आले आहे. ज्यांच्या घरी नाताळ आहे त्यांचा सणाचा आठवडा म्हणजे आपल्याकडे परिषदांचा हंगाम. गोव्यात तर नाताळ एका दिवसाचा नसतोच. नेवऱ्या, दोदोल, बेबिंका यांच्या तयारीपासून ६ जानेवारीच्या तीन राजांच्या फेस्तापर्यंत तो चालतो. यंत्र-अध्ययनातल्या आयसीएमएल या परिषदेसाठी शोधनिबंध पाठवण्याची मुदत अलीकडे जानेवारीच्या शेवटी असते, म्हणजे त्या शाखेतल्या संशोधकाचे नाताळचे दिवस लिखाणात जातात. या तारखा निसर्गाने ठरवलेल्या नाहीत. कोणा तरी समितीने आपल्या सोयीने ठरवल्या आहेत, आणि ती सोय कोणाच्या सणांभोवती आखली गेली हे त्यात दिसते.

मिश्र घर: कायदा आणि आकडे

१८७२ च्या कायद्याने आंतरधर्मीय नोंदणी विवाह करणाऱ्यांना आपण कोणत्याही प्रमुख धर्माचे नाही असे जाहीर करावे लागे. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने धर्म न सोडता लग्न करता येऊ लागले, म्हणजेच दोन्ही धर्म घरात कायम राहू शकतील अशी सोय झाली. मात्र त्यात तीस दिवसांची जाहीर नोटीस आहे. अलाहाबाद उच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये ती प्रसिद्ध करणे जोडप्याच्या इच्छेवर सोडले. देशभर ती प्रथा संपलेली नाही. (हिंदू-बौद्ध लग्ने हिंदू विवाह कायद्यातच बसतात, त्यामुळे त्यांना ही पायरी लागत नाही.)

प्यू संशोधन केंद्राने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, सुमारे तीस हजार भारतीय प्रौढांच्या पाहणीत ९९ टक्के विवाहित हिंदू, ९८ टक्के मुसलमान आणि ९५ टक्के ख्रिस्ती यांनी जोडीदार स्वधर्माचाच असल्याचे सांगितले. अमेरिकेत, त्याच केंद्राच्या २०१४ च्या अभ्यासानुसार, २०१० नंतर लग्न केलेल्यांपैकी ३९ टक्क्यांचा जोडीदार वेगळ्या धर्मगटातला होता. म्हणून मिश्र घरातल्या सणांविषयीचे बरेचसे लिखाण तिकडचे, आणि त्यातही ज्यू-ख्रिस्ती जोडप्यांच्या डिसेंबरविषयीचे आहे. भारतीय पाहणीत आणखी एक गोष्ट दिसते. ३१ टक्के ख्रिस्ती आणि २० टक्के मुसलमान आपण दिवाळी साजरी करतो असे सांगतात. लग्नाने मिसळलेली घरे थोडी असली, तरी शेजारधर्माने दुसऱ्याचा सण पाळण्याची सवय इथे जुनी आहे. परक्या सणाला दार उघडणे आपल्याला जमते. अवघड असते ते त्या सणाला घरातला हक्काचा सण मानणे. मिश्र घरातल्या संशोधकाला मार्गदर्शकाकडून अनेकदा ऐकावा लागणारा ‘हा तुमचा सण कसा?’ हा प्रश्न याच फरकातून येतो.

संशोधकाच्या वेळेविषयी तीन मते

पहिले मत संशोधनाला व्रत मानते. त्याला हलक्यात काढू नये. पेशींचे कल्चर रविवारीही खाद्य मागते, प्राण्यांवरचे प्रयोग मध्येच थांबत नाहीत, दुर्बिणीची मिळालेली रात्र परत मिळत नाही, आणि पुण्याच्या पेशवे दफ्तरासारखे अभिलेखागार कामाच्या दिवशीच उघडे असते. त्यात मुदत चालू असते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०२२ च्या नियमावलीने पीएचडीला किमान तीन आणि कमाल सहा वर्षे दिली, पुनर्नोंदणीने आणखी दोन. महिला आणि ४० टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असलेल्यांना त्यापुढे दोन वर्षांची सवलत आहे. कनिष्ठ आणि वरिष्ठ संशोधकांची शिष्यवृत्ती (जेआरएफ-एसआरएफ) मात्र पाचच वर्षे पुरते. समाजशास्त्रज्ञ लुईस कोझर यांनी १९७४ मध्ये ज्या संस्थांना ‘हावऱ्या संस्था’ म्हटले, माणसाची अविभाज्य निष्ठा मागणाऱ्या, त्यांत आजची प्रयोगशाळा चपखल बसते. पण या मताचे समर्थक म्हणतील, आणि त्यात तथ्य आहे, की ज्ञानाची कामे अशा निष्ठेशिवाय क्वचितच उभी राहतात.

दुसरे मत सीमा आखायला सांगते. ग्रीनहाऊस आणि ब्यूटेल यांनी १९८५ मध्ये काम आणि कुटुंब यांच्यातल्या संघर्षाचे तीन प्रकार मांडले: वेळेचा, ताणाचा आणि वागण्याच्या रीतीचा. सण या तिन्हींना एकदम हात घालतो. सासरच्या माणसांत बसून प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणाची काळजी करणे हा दुसरा प्रकार. प्रयोगशाळेत प्रत्येक विधानाला पुरावा मागणाऱ्याला आरतीला वा मिस्साला विनाप्रश्न उभे राहावे लागते, हा तिसरा. लेव्हेक आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये फ्लँडर्समधल्या ३,६५९ पीएचडी विद्यार्थ्यांचा अभ्यास केला, तेव्हा सुमारे एकतृतीयांश जण मानसिक आजाराच्या जोखमीत आढळले, आणि त्या जोखमीशी ज्या गोष्टी घट्ट जोडलेल्या होत्या त्यांत काम-कुटुंब संघर्ष ठळक होता. ‘नेचर’च्या २०१९ च्या पाहणीत सुमारे ६,३०० जणांपैकी ३६ टक्क्यांनी पीएचडीमुळे आलेल्या चिंता वा नैराश्यासाठी मदत घेतल्याचे सांगितले. कामापासून मनाने पूर्ण सुटणे ही पुन्हा ताजे होण्याची अट आहे, असे साबिने झोनेंटाग यांचे संशोधन सांगते.

तिसरे मत सीमा पुसून टाकणाऱ्यांचे. क्रिस्टिना निपर्ट-एंग यांनी १९९६ च्या अभ्यासात दाखवले की काही माणसे घर आणि काम वेगळे ठेवतात, काही एकमेकांत मिसळतात, आणि दोन्ही रीती चालू शकतात. लॅपटॉप घेऊन गणपतीला गावी जाणारा, दुपारच्या शांततेत दोन पाने लिहिणारा विद्यार्थी दुसऱ्या गटातला. या मताची कमजोरी अशी की मिसळण्याचे स्वातंत्र्य सर्वांना सारखे नसते. दुपारची शांतता कोणाच्या वाट्याला येते, हे घराच्या रचनेवर ठरते.

घरातली बाजू

मिकाएला दी लिओनार्दो यांनी १९८७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या इटालियन-अमेरिकन कुटुंबांच्या अभ्यासातून मांडले की सणाची पत्रे, भेटी, पंगती, कोणाकडे कधी जायचे याची आखणी हे सारे श्रम आहेत, आणि ते प्रामुख्याने बायका करतात. सुट्टीला आपण विश्रांती समजतो तिथे निम्म्या घरासाठी कामाचा हंगाम असतो. आपल्याकडच्या २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रिया दिवसाला सरासरी २९९ मिनिटे त्यात घालवत होत्या, तर पुरुष ९७. मिश्र घरात हे श्रम दुप्पट होण्याचा धोका असतो, कारण सुनेने दोन्हीकडचे रीतिरिवाज ‘शिकून घेतले’ हीच तिच्या स्वीकाराची खूण मानली जाते. तिला शीरखुर्मा जमला पाहिजे आणि पुरणही. घरी राहणारी सून असो वा संशोधक सून, अपेक्षा तीच. उलट बाजूने, संशोधक जावयाला परीक्षा नसते. तो जेवायला आला तरी पुरते. पीएचडीतल्या स्त्रियांना मिळालेली दोन वर्षांची सवलत आणि २४० दिवसांची मातृत्व व बालसंगोपन रजा मूल्यवान आहे, पण रजा बाळंतपणाभोवती आखलेली आहे आणि सवलत फक्त एकूण मुदत लांबवते. दर वर्षी येणाऱ्या या श्रमाचा तिथे विचार नाही.

कोणत्या धर्माचे किती करायचे, यावर अमेरिकेत २०१३ मध्ये दोन पुस्तके आली आणि त्यांनी वादाच्या दोन कडा स्पष्ट केल्या. सुझन कॅट्झ मिलर यांनी दोन्ही परंपरा मुलांना पूर्णपणे द्याव्यात अशी बाजू मांडली. नाओमी शेफर रायली यांनी आपल्या पाहणीच्या आधारे इशारा दिला की आंतरधर्मीय जोडपी लग्नाआधी या गोष्टी बोलत नाहीत आणि सरासरीने कमी समाधानी असतात. या दोघींत मला विरोध दिसत नाही. दोन्ही पाळायचे असेल तर आधी बोलावेच लागते. वेळेची ओढाताण असलेल्या घरात तर ‘दोन्ही’ याचा अर्थ ‘दोन्हीकडचे सगळे’ असा होऊ शकत नाही.

गाभा आणि भोवताल

इथे एक भेद उपयोगी पडतो. प्रत्येक सणाला न हलणारा गाभा असतो आणि हलू शकणारा भोवताल. चतुर्थीची प्रतिष्ठापना, ईदच्या सकाळची नमाज, २४ डिसेंबरच्या रात्रीचा मिस्सा हे गाभे. फराळाच्या भेटी, मिरवणुका, पंगती, पाहुणचार हा भोवताल. समाजाने हा भेद स्वतः पाळून दाखवला आहे. २०२३ मध्ये अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद २८ सप्टेंबरला एकत्र आल्या, तेव्हा मुंबईतल्या मुस्लिम संघटनांनी मिरवणूक दुसऱ्या दिवशी नेली आणि राज्य सरकारने २९ ला सुट्टी जाहीर केली. २०२४ मध्ये मिरवणूक आणि मुंबईतली सुट्टी दोन्ही १८ सप्टेंबरला गेल्या. लाखो लोकांना जे जमले ते दोन व्याह्यांना अशक्य नाही.

संशोधनालाही असाच गाभा आहे. चालू प्रयोगाचे तास, मिळालेली दुर्बीण, मौखिक परीक्षा. सहामाही प्रगतीचे सादरीकरण, प्रयोगशाळेची साप्ताहिक बैठक, मसुदा देण्याची तारीख हा भोवताल. तो माणसांनी ठरवलेला असतो आणि माणसे तो बदलू शकतात. १५ जानेवारी २०२५ ची यूजीसी-नेट परीक्षा पोंगल आणि मकरसंक्रांतीमुळे पुढे ढकलली गेली. देशपातळीवरची परीक्षा हलू शकते, तर सल्लागार समितीची बैठक हलू शकत नाही असे म्हणणे टिकत नाही. दोन गाभे एकमेकांवर आदळण्याचे प्रसंग थोडेच. बहुतेक भांडणे दोन भोवतालांची असतात, आणि त्यांत ज्याच्या हाती तारीख असते त्याचे चालते.

मात्र नेटच्या उदाहरणाची मर्यादाही ओळखावी. परीक्षा हलली ती मोठ्या समाजांच्या सणासाठी. पारशी नवरोज, गुड फ्रायडे किंवा एखाद्या गावचे फेस्त यांसाठी कोणी परीक्षा हलवणार नाही. मिश्र घराचा संच दर घरी वेगळा असल्याने संस्थेने सुट्ट्यांची यादी वाढवत नेणे हा उपायच होऊ शकत नाही. न्या. बी. एन. श्रीकृष्ण यांच्या अध्यक्षतेखालच्या सहाव्या वेतन आयोगाने २००८ मध्ये केंद्रीय कार्यालयांसाठी वेगळी वाट सुचवली होती: बंद फक्त तीन राष्ट्रीय सुट्ट्यांना, आणि वैकल्पिक सुट्ट्या दोनवरून आठ. ती शिफारस स्वीकारली गेली नाही. पण संशोधक विद्यार्थ्याच्या बाबतीत त्याहून चांगला नियम आधीच आहे. जेआरएफधारकाला सार्वजनिक सुट्ट्यांव्यतिरिक्त वर्षाला तीस दिवस रजा मिळते. विद्यापीठाच्या उन्हाळी, हिवाळी वा पूजेच्या सुट्ट्या मात्र त्याला लागू नाहीत. त्या तीस दिवसांना कोणत्याही सणाचे नाव चिकटलेले नाही. ब्रिटनमध्ये यूकेआरआय या संशोधन-निधी देणाऱ्या संस्थेच्या शिष्यवृत्तीधारकाला सार्वजनिक सुट्ट्या धरून वर्षाला आठ आठवड्यांपर्यंत रजा घेता येते. दिवसांच्या हिशेबात आपण फार मागे नाही. मागे आहोत ते या रजेला हक्क मानण्यात. ती मार्गदर्शकाच्या मर्जीने मिळते, आणि मर्जीला कारण लागते. माझी सूचना इतकीच आहे की विद्यार्थ्याने वर्षाच्या सुरुवातीला यांतले ठरावीक दिवस लिहून द्यावेत, ईदसारख्या सणासाठी एक दिवस मागेपुढे धरून. मार्गदर्शकाने केवळ गाभ्याचे काम आड येत असेल तरच, लेखी कारण देऊन, बदल मागावा. आणि विद्यार्थ्याला धर्म वा कारण विचारू नये.

आक्षेप

पहिला आक्षेप मार्गदर्शकांचा: प्रत्येकाने वेगळे दिवस निवडले तर प्रयोगशाळा चालेल कशी? खरे तर उलट होते. सगळे दिवाळीला एकदम गेले की पेशींना खाद्य देणारे कोणी उरत नाही. दिवस वाटलेले असले की कोणीतरी असतेच. त्यासाठी आधी ठरवणे मात्र लागते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. कारण न विचारल्याने गैरवापर होईल, आणि धर्माचरणासाठीची सवलत भटकंतीला जाईल. या तीस दिवसांचा हेतू धर्माचरण नाही, त्यामुळे भटकंती हा गैरवापर ठरत नाही. पण कारण न विचारण्यामागे आणखी मोठे प्रयोजन आहे. आंतरधर्मीय लग्न आज अनेकांना उघड करणे अवघड जाते. महाराष्ट्रात डिसेंबर २०२२ मध्ये अशा विवाहांची माहिती घेण्यासाठी शासनाने समन्वय समिती नेमली; तिच्या हेतूविषयी मते दोन्हीकडची आहेत, पण आपले लग्न कोणाच्या नोंदीत असावे याची काळजी जोडप्यांना वाटते हे नाकारता येत नाही. ईदची वैकल्पिक सुट्टी मागणाऱ्या हिंदू नावाच्या मुलीला आपले घर विभागाच्या कार्यालयात उलगडावे लागते. नाव नसलेली रजा तिला त्यातून वाचवते.

तिसरा आक्षेप श्रद्धाळूंचा: सणाला सामान्य रजेत बसवले की त्याचे पावित्र्य जाते. या आक्षेपातली भावना मला मोलाची वाटते. तरी संस्थेने पावित्र्य मोजायचे ठरवले तर दोन धर्मांच्या घरात ती मोजणी कोणाच्या मापाने करणार, याचे उत्तर या बाजूने मिळत नाही.

न सुटलेले

घरातल्या श्रमाचा प्रश्न रजेच्या नियमाने सुटत नाही. चार दिवस सुट्टी मिळालेली संशोधक सून ते चार दिवस स्वयंपाकघरात घालवणार असेल, तर नियम पाळला गेला आणि ती थकूनच परतली असे होईल. भोवताल हलवता येतो हे दोन्ही सासरांनी मानले, तरी तो कोणी उचलायचा हे घरातच ठरते. मुलांचा प्रश्नही खुला आहे. मिलर यांची ‘दोन्ही’ची वाट सणांच्या शिक्षणासाठी वेळ मागते, आणि आई किंवा बापाच्या प्रबंधाची वर्षे बहुधा मुलांच्या लहानपणाचीच असतात.

त्यापलीकडे अर्धवेळ पीएचडी करणारे आहेत. २०२२ च्या नियमावलीने त्यांना वाट दिली आणि नोकरीच्या ठिकाणाहून ना हरकत प्रमाणपत्र मागितले, ज्यात संशोधनाला पुरेसा वेळ मिळेल असे लिहून द्यावे लागते. प्रत्यक्षात महाविद्यालयात शिकवणाऱ्या, बँकेत किंवा शासकीय खात्यात काम करणाऱ्या या विद्यार्थ्यांचा संशोधनाचा वेळ म्हणजे रविवार आणि सणांच्या सुट्ट्या. जेआरएफचे तीस दिवस त्यांना नाहीत. घरात एका धर्माचे सण असले तर निदान दुसऱ्या धर्माच्या सार्वजनिक सुट्टीला ग्रंथालय गाठता येते. घरात दोन्ही असले की तो दिवसही जातो. वर मांडलेली तारीख निवडण्याची सूचना त्यांना पुरत नाही, कारण त्यांच्याकडे निवडायला दिवसच उरत नाहीत. ते दिवस मालकाकडून यावे लागतील, आणि ना हरकत प्रमाणपत्रातल्या ‘पुरेसा वेळ’ या शब्दांमागे किती दिवस धरायचे हे आजच्या नियमावलीत ठरलेले नाही.